दोलारेआचे घर लेकीच्या नावे

मी, एउलालिया इरुरीता, कै. मातियास इंदा यांची विधवा, वय सहासष्ट, राहणार एरातसू, बास्तान खोरे. पाय थकले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, तर माझ्यामागे माझी पोरे एकमेकांच्या नरड्याला हात घालतील या धास्तीने हे मृत्युपत्र लिहीत आहे.

एक. दोलारेआ हे घर, चूल, सफरचंदांची बाग, गाई, आणि चर्चमध्ये आमच्या घराण्याच्या थडग्यावर दिवा लावण्याचा मान, हे सर्व मी माझी मुलगी मिकाएला हिला देते. आमच्या खोऱ्यात घर एकालाच जाते. तो मुलगा असो वा मुलगी, निवड आईबापांची.

दोन. राजा फेर्नांदो वारला तेव्हा त्याच्यामागे मुलीच होत्या. थोरली इसाबेल गादीवर बसली, तर बोर्बोन घराण्यात बाईला राज्य नाही म्हणत तिचा चुलता कार्लोस उठला. ते भांडण इसाबेलच्या मुलापर्यंत आणि कार्लोसच्या नातवापर्यंत पोचले. माझा नवरा कार्लोससाठी लढायला गेला आणि लंगडत परतला. माझा थोरला बेरेमुंदो त्या नातवाच्या बाजूने लढला, हरल्यावर फ्रान्समध्ये पळाला आणि यंदाच परत आला. धाकटा सिरियाको राणीच्या मुलाच्या फौजेत होता. आता एक स्वयंपाकघरात जेवतो, दुसरा गोठ्यात. मला याची लाज वाटते.

तीन. परवा मी दोघांना बोलावून माझा विचार सांगितला.

"बाईलाच घर द्यायचं होतं, तर बाबांचा पाय कशापायी गेला, आई?" बेरेमुंदो म्हणाला.

"तो पाय मरेपर्यंत मी चोळला, दादा," मिकाएला म्हणाली. "तेव्हा तुम्ही दोघं कुठे होता?"

सिरियाको हसला, तशी मिकाएला त्याच्याकडे वळली.

"तू काय दात काढतोस? तुझी राणी आली होती का इथे धारा काढायला?"



चार. मातियासची कार्लोसच्या फौजेतली लाल टोपी सिरियाकोला. इसाबेलचे चित्र असलेली चांदीची डबी बेरेमुंदोला. ती मी नवऱ्यापासून जन्मभर लपवली, कारण एवढीशी पोर गादीवर बसली याचे मला फार बरे वाटले होते. दोघांनी या वस्तू जपाव्यात. विकायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत.

पाच. ओढ्याकाठचे कुरण बेरेमुंदोला, वरचे चेस्टनटचे रान सिरियाकोला. जो तंटा करील त्याला जुन्या रिवाजाप्रमाणे पाच दमड्या आणि गावाच्या सामाईक डोंगरातला एक तुकडा. म्हणजे काहीच नाही.

सहा. गिरणीवाल्या तिबुर्सिओने दोन्ही फौजांना एकच किडके पीठ विकले. त्याने माझ्या शवपेटीला हात लावू नये.

सात. दफनानंतर थडग्यावरचा दिवा मिकाएला लावील. तिच्यामागे दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहतील. हे बघायला मी नसेन, म्हणून लिहून ठेवते.

कायद्याला लागत नाही, पण मला लागते: दोघांनी खाली आपल्या हाताने संमती लिहावी. राजांना जे जमले नाही ते माझ्या पोरांना जमले, एवढे कळले की मी सुखाने जाईन.

एरातसू, ११ नोव्हेंबर १८७६.

सही: एउलालिया इरुरीता

साक्षीदार: पास्कासिओ आरोस, लोहार, सेलेदोनिओ ईतुराल्दे, सुतार

संमत आहे. सिरियाको इंदा

संमत आहे, पण फक्त मिकाएलापुरते. राणीला नाही. बेरेमुंदो इंदा