देवकीताई म्हणते

१२ मार्च, बुधवार

आज पुन्हा शाळेतून फोन. दीक्षा बाथरूममध्ये कडी लावून बसली आहे, लवकर या.

गेले. पेपर सुरू असताना बाईंनी तिची जागा बदलली, एवढंच झालं होतं. दाराबाहेर दोन बाई, शिपाईण आणि स्वतः मुख्याध्यापिका. सगळ्या मिळून दार वाजवून राहिल्या होत्या. मी त्यांना मागे व्हायला सांगितलं आणि फरशीवर बसले. काही बोलले नाही. हाक मारली की ती आणखी आत जाते, हे मला माहीत आहे. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी. पण आमच्या वर्गात पन्नास मुलं. तिसरीसाठी तुम्ही दुसरीकडे बघितलेलं बरं."

वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर घरी येताना थोडी ताठ मानेने आले. चार जणींना जमलं नाही ते मला जमलं. मलाच जमतं.

१५ मार्च, शनिवार

धंतोलीत डॉक्टरांकडे. या बाईंनीच तीन वर्षांपूर्वी ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा आमच्यासमोर उच्चारला होता. आज म्हणाल्या, "तिची भीती वाढली आहे. शाळा बघताना इमारत बघू नका. दीक्षा घाबरली की तिथली माणसं काय करतात, ते बघा."

जितेंद्र मान हलवत होता. त्याला काय, तो सकाळी कळमेश्वरला कारखान्यात जातो. बघायचं मलाच आहे.

२५ मार्च, मंगळवार

वर्धा रोडवरची मोठी शाळा. काचेची दारं, आत एसी. ज्या मॅडमनी फिरवलं त्या सारखं म्हणत होत्या, "आम्ही सगळ्या मुलांना सामावून घेतो." पण दीक्षासाठी सोबतीची शिक्षिका आम्हीच आणायची. घाबरलेल्या मुलांसाठी शांत खोली आहे म्हणाल्या, ती उघडायला किल्ली सापडेना. सापडली तेव्हा आत खुर्च्या रचलेल्या आणि स्नेहसंमेलनाचे पडदे.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. दीक्षा माझ्या पोटात शिरली. मॅडम वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेत म्हणाल्या, "बेटा, घाबरते कशाला? स्माइल दे बरं." तिने डोळे मिटून घेतले.

नापास.

३ एप्रिल, गुरुवार

खामल्यातली शाळा. शाळा म्हणजे जुना बंगला, प्रत्येक वर्गात दहा-बारा मुलं. व्हरांड्यात एक बाई खाली बसून चिंचोके निवडत होत्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, केसांत पेन खोचलेला. देवकीताई. तिसरीच्या वर्गशिक्षिका.

"या मिनलताई, बसा," म्हणाल्या. दीक्षाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. आम्ही जिच्यासाठी आलो तिच्याकडे बघा तरी.

दीक्षा माझ्या ओढणीमागे. मग ओढणीच्या बाजूला. मग चिंचोक्यांजवळ. ती एकेक उचलून रांग लावायला लागली. देवकीताईंनी माझ्याशी बोलता बोलता डबा तिच्याकडे सरकवला. तेवढ्यात रस्त्यावरून फाटक्या सायलेन्सरची मोटरसायकल गेली. दीक्षाचे हात कानांवर. मी उठलेच होते. देवकीताई जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "गेली. आता चौकात पोचली. आता ऐकू नाही येणार."

दीक्षाने हात खाली घेतले. आणि त्या बाईच्या गुडघ्याला पाठ टेकून बसली.

माझी आई जाईपर्यंत वाट पाहत राहिली, ही नात एकदा मांडीवर येईल म्हणून. मला दीक्षाने आपणहून पहिली मिठी मारली तेव्हा ती चार वर्षांची होती. आणि या बाईंना? चहा गार व्हायच्या आत.

४ एप्रिल, शुक्रवार

तो गुडघा डोळ्यांसमोरून जात नाही.

१३ एप्रिल, रविवार

जितेंद्रशी भांडण. मी म्हटलं, खामला लांब पडेल. मैदान नाही. सातवीपर्यंतच आहे, पुढे काय? मोठ्या शाळेत निदान बारावीपर्यंत प्रश्न मिटतो. सोबतीला शिक्षिका ठेवू, नाहीतर मीच बसेन तिच्याजवळ.

तो शांतपणे म्हणाला, "तुले शाळा नाही आवडली, का ती बाई नाही आवडली?"

भाजी लागते आहे म्हणून उठले. भाजी लागत नव्हती.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. मोठ्या शाळेत तिला कोणी विचारणार नाही. रोज मलाच बोलावतील. तिथे ती माझीच राहील. हे असं माझ्या मनात येतं, आणि मी तिची आई आहे.

संध्याकाळी जितेंद्रने तिलाच विचारलं, कोणती शाळा? दीक्षा म्हणाली, "चिंचोक्यांची."

तिने आजवर कुठल्या शाळेचं नावसुद्धा आपणहून घेतलं नव्हतं. मग मी काय बोलणार. हो म्हटलं.

३० जून, सोमवार

पहिला दिवस. सोडून आले नाही, फाटकासमोर स्कूटीवरच बसून राहिले. मोबाईल हातात. ती रडेल, कडी लावेल, कोणीतरी धावत येईल, मी आत जाईन. कोणी आलं नाही. मधली सुट्टी झाली. आतून मुलांचा आवाज, त्यात तिचं रडणं नाही.

शेवटी देवकीताईच बाहेर आल्या. "घरी जा ताई, जेवून घ्या. तिने डबा खाल्ला."

दोन वर्षं डबा जसाच्या तसा परत यायचा. पतपेढीतली नोकरी सोडली ती तिच्यामागे घास घेऊन बसायला. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण "तिने डबा खाल्ला" हे मला त्यांनी का सांगावं? त्यांच्याकडून का कळावं?

१८ जुलै, शुक्रवार

दीक्षाचं हल्ली एकच. देवकीताई म्हणते, भीती वाटली की भीतीचा रंग सांगायचा. देवकीताई म्हणते, वरणात लिंबू पिळलं की वास बदलतो. देवकीताई म्हणते, आभाळ आधी चमकतं मग वाजतं, म्हणून कान झाकायला वेळ मिळतो. काल वीज कडाडली तेव्हा दीक्षा माझ्याकडे आली नाही. खिडकीशी उभी राहिली, कान झाकून, हसत.

मी पलंगावर हात पसरून बसले होते. ते हात मग उशीची खोळ नीट करायला वापरले.

२ ऑगस्ट, शनिवार

नखं. तिची नखं कापणं म्हणजे आमच्या घरात लढाई. ती झोपली की मी एकेक बोट धरून कापते. आज हात पाहिला तर दहाही बोटं स्वच्छ.

"कोणी कापली?"

"देवकीताईने. आधी मी तिची कापली, मग तिने माझी."

सासूबाई उमरेडहून आल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "काहून वं मिनल, पोरगी एवढी खुश हाये, अन् तुह्यं तोंड काहून उतरलं?"

डोकं दुखतं म्हटलं. त्यांनी चहात आलं जास्त घातलं. पण पटलं नाही त्यांना. माझ्या सासूला, प्रयागबाईंना, फसवणं सोपं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

उद्या शाळेत तान्हा पोळा. ढोल नाही, लाऊडस्पीकर नाही. मुलांनी लाकडी नंदी घेऊन अंगणातल्या चिंचेखालून एक फेरी मारायची, बस. सासूबाईंनी उमरेडहून नंदी आणला होता, दीक्षाने त्याची शिंगं निळी रंगवली. मी म्हटलं, शेपूट मी रंगवते. तर म्हणाली, "नको. देवकीताईला दाखवून मग."

२१ ऑगस्ट, गुरुवार

मी आज तिला शाळेत पाठवलं नाही.

सकाळी ती नंदी पिशवीत ठेवून तयार होती. मी म्हटलं, आज देवकीताई येणार नाहीत, त्यांना बरं नाही. तोंडातून कसं निघालं कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. कळत होतं.

तिने दोनदा विचारलं, "बरं नाही?" मग बूट काढले. दिवसभर माझ्याजवळ होती. आम्ही नंदीची शेपूट रंगवली, शिरा केला, तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला हवा होता तसाच दिवस. माझ्या वाटचा शिरा मात्र मी तसाच झाकून ठेवला.

२५ ऑगस्ट, सोमवार

कळलं तिला. वर्गात काजल नावाची एक बोलकी मुलगी आहे. तिने सांगितलं, "देवकीताईने माह्या नंदीले हार घातला, तू काहून नाही आली?"

दीक्षा घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "देवकीताई होती." रडली नाही, ओरडली नाही. पिशवी जागेवर ठेवली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस हेच. मी म्हणते भात गरम नाही, ती बोट लावून बघते. मी म्हणते बाबा संध्याकाळी येतील, ती बाबांना फोन लावायला लावते. बाहेर गाडी वाजली. मी म्हटलं, गेली. ती खिडकीपर्यंत जाऊन बघून आली. रात्रीचं दूध बंद. डबा पुन्हा भरलेला परत.

जितेंद्र विचारतो, काय झालं हिला? मी म्हणते, माहीत नाही. म्हणजे आता त्याच्याशीही खोटं.

तिच्यासाठी जगात आधीच सगळं डळमळीत. घंटा, पंखा, माणसांचे चेहरे. एक माझा शब्द तेवढा पक्का होता. तो मीच काढून घेतला.

१ सप्टेंबर, सोमवार

देवकीताईंनी बोलावलं. वर्गात मुलांच्या छोट्या खुर्च्या, आम्ही दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मी तयारीने गेले होते. त्या एक शब्द जरी टाकून बोलल्या तर दीक्षाचं नाव काढून घ्यायचं, असं ठरवून.

त्या म्हणाल्या, "ती मला रोज विचारते, आई म्हणते ते खरं आहे का. मी काय सांगू?"

त्यांना असं अडलेलं पाहून बरं वाटेल असं मला वाटलं होतं, नाही वाटलं. माझ्या शब्दाची खात्री करायला माझी मुलगी या बाईंकडे जाते, आणि या बाईच अडचणीत.

म्हटलं, "मी खोटं बोलले. तुम्हाला बरं नाही असं सांगितलं."

"हो, ते आलं लक्षात."

"का बोलले ते विचारा ना."

"नाही विचारत," त्या म्हणाल्या. "तिला मात्र तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती माझ्यावर आणखी विसंबेल. ते मला नको आहे, ताई. खरंच नको."

"खरंच नको" असं म्हणताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी सांगितलं. ती जमिनीवर डबीतली बटणं रांगेत लावत होती. मी समोर नाही, बाजूला बसले. म्हटलं, "दीक्षा, त्या दिवशी देवकीताईंना बरं होतं. त्या शाळेत होत्या. मी खोटं बोलले."

रांग थांबली नाही. "काहून?"

"तुला देवकीताई खूप आवडतात. मला वाईट वाटलं. मला तू घरी हवी होतीस."

तिने एक हिरवं बटण बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाली, "मग असं सांगायचं. घरी थांब."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही. पोळा होता."

मला हसू आलं आणि रडूही. ती वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, यातलं खरं कोणतं ते शोधत. म्हटलं, दोन्ही खरं आहे. तिने विचार केला. "वाईट वाटण्याचा रंग कोणता?"

देवकीताईंचा प्रश्न. पण विचारला मला. म्हटलं, हिरवा. ते बटण तिने माझ्या हातात दिलं.

रात्री जितेंद्रलाही सगळं सांगितलं. ताटं त्याने उचलली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

भात गरम आहे का, हे आज तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. बोट न लावता खाल्ला.

अजून जळते मी. लपवून काय करू. परवा दीक्षाने शाळेतून मोगरा आणला, देवकीताईंच्या वेणीतला. तो मी फुलदाणीत ठेवला. फेकला नाही, एवढीच माझी प्रगती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शाळा सुटली. मी स्कूटीजवळ, देवकीताई फाटकाच्या आत. दीक्षा आली ती काजलच्या हातात हात घालून. काजल तोंडाचा पट्टा चालवत होती आणि माझी दीक्षा, आवाजाला भिणारी, तिच्याकडे मान वळवून ऐकत होती. देवकीताईंनी निरोपाचा हात वर केला, तो तसाच राहिला. मी हेल्मेट पुढे केलं. "आज मी काजलच्या व्हॅनमध्ये जाते," असं सांगून ती निघून गेली. मागे वळून कोणाकडेच पाहिलं नाही, ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे.

व्हॅन वळली. देवकीताई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "किती बडबड करते ना ती काजल."

मी नेमकं तेच म्हणणार होते.