ऑइलचा पंखा आणि आपला अबोला

प्रिय अहो,

पलीकडच्या खोलीत तुम्ही दुपारचे घोरताय आणि मी इकडे स्वयंपाकघरात बसून तुम्हाला पत्र लिहितेय. लग्नाआधीही कधी लिहिलं नव्हतं, आता या वयात हे काय नवीन खूळ, असं म्हणाल. पण आपला अबोला चालू आहे आणि आधी तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलंय. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. मागणं एकच आहे. उद्या सकाळी मी नेहमीसारखी गाडी डोंगरावर नेणार आहे आणि माझ्या शेजारच्या सीटवर मला तुम्ही हवे आहात. लगेच मान हलवू नका, शेवटपर्यंत वाचा.

भांडण झालं ते त्या पंख्यावरून. आता कबूल करते, कल्पना तुमची चांगलीच होती. लादलेल्या ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढताना गाडीला समोरून वारा मिळत नाही. मग पुढची ती ऑइल गार करणारी जाळी नुसती शोभेची उरते आणि ऑइलचा काटा चढत जातो. म्हणून जाळीमागे विजेचा छोटा पंखा बसवायचा आणि चढ लागला की बटण दाबायचं, हे तुम्ही रोज जेवताना मला समजावत होतात. माझं म्हणणं, इतकी वर्षं प्रवासी नेतेय, ऑइलला पंखा घालायची वेळ कधी आली नाही. मी सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे गेले, तेवढ्यात तुम्ही पंखा बसवून मोकळे! मला न विचारता, माझ्या गाडीला! स्वयंपाकघरातली बरणी हलवायची तरी तुम्ही मला विचारता. पण संध्याकाळी दारात गाडी चालू ठेवून, बटण दाबून, काटा कसा ताब्यात राहतो ते तुम्ही दाखवलंत, तेव्हा तुमचा चेहरा इतका खुलला होता की मी राग गिळला.

दुसऱ्या दिवशी चढावर काटा पूर्वीपेक्षाही वर गेला. प्रवाशांना खाली उतरवून, त्यांची बोलणी खात मी रस्त्याच्या कडेला गाडी गार करत बसले. घरी आले ती तणतणतच, आणि शेजारचे काका चहाला बसलेले असताना मी बोलून गेले, की जन्मभर मोटर वाइंडिंग केलेल्या माणसाला एक पंखा धड बसवता येऊ नये! तुम्ही कप खाली ठेवलात आणि जे गप्प झालात ते झालातच.

तेव्हापासून घरात जे चाललंय ते बाहेर कळलं तर लोक तिकीट काढून बघायला येतील. तुम्हाला मीठ सापडत नाही, म्हणून तुम्ही लेकीला फोन करता. ती तिच्या गावाहून मला फोन करते. मी तुमच्यापासून चार हातांवर उभी राहून तिला सांगते, बाबांना सांग, समोरच्याच फळीवर आहे. काल ती म्हणाली, आई, माझा फोन तापायला लागलाय, बाबांना म्हणावं यालाही एक पंखा बसवा. मला हसू आवरेना. तुम्हीही वर्तमानपत्राआड हसत होतात, खांदे हलताना दिसले मला.

आज सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर डोंगरावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, त्या नेहमी माझ्याच गाडीने वर जातात. चढावर रस्त्याचं काम निघालं होतं, सगळ्या गाड्या थांबवलेल्या. एकदा काय तो सोक्षमोक्ष लावावा म्हणून मी उतरून पुढे वाकले, तर जाळीतून गरम हवेचा झोत थेट तोंडावर! बाहेरची हवा आत ओढायची सोडून हा पठ्ठ्या आतली हवा बाहेर फुंकत होता. गाडी उभी असताना तेवढ्यावरही भागतं. पण ती चालायला लागली की समोरचा असेल तो थोडाफार वारा आत येऊ बघणार आणि पंखा त्याला बाहेर ढकलणार, आणि त्या दोघांच्या भांडणात ऑइल तापणार. तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या, लालच्या जागी तपकिरी. गाडी बंद केली, तारांची अदलाबदल केली, पुन्हा चालू करून जाळीसमोर रुमाल धरला तर तो गपकन चिकटला. पुढचा सगळा चढ काटा शहाण्यासारखा राहिला.

खरं सांगते, मला उकळ्या फुटत होत्या. घरी गेल्यावर काय काय ऐकवायचं ते मी वळणावळणाला जुळवत होते. नर्सबाईंनाही म्हणून दाखवलं, त्या पोट धरून हसल्या. मग सहज म्हणाल्या, पण लाल तार कुठली आणि तपकिरी कुठली, ते त्यांना दिसलं नाही का? मी म्हणायला गेले, अहो, हा माणूस मोटर कुठल्या बाजूला फिरणार ते झोपेतही सांगेल. आणि एकदम एकेक गोष्ट आठवत गेली.

गेले कित्येक महिने तुम्ही बातम्यांत काही राम नाही म्हणता आणि मथळे माझ्याकडून वाचून घेता. चहा ओतताना निम्मा बशीत जातो, तर बशीतलाच बरा लागतो म्हणता. वाइंडिंगचं दुकान बंद केलंत तेव्हा कंटाळा आला म्हणालात, आणि मी खुळी खूश झाले की चला, आता घरी सोबत होईल. त्या तारा तुम्ही नुसत्या चाचपून जोडल्यात ना? धड दिसत नसताना, मी चढावर एकटी अडकू नये म्हणून तुम्ही बंपरखाली आडवे झालात. मला रडू आलं हो, चक्क गाडी चालवताना.

नर्सबाई म्हणतात, बहुतेक मोतीबिंदू असेल. त्यात रंग मळकट दिसायला लागतात, पण तो काढता येतो, घाबरायचं कारण नाही. त्यांच्या दवाखान्यातली उद्याची तुमची वेळ मी घेऊन आलेय, तुम्हाला न विचारता. फिट्टंफाट झाली. उलट्या तारांचं मी कुणाला सांगणार नाही, नर्सबाईंनाही शपथ घातलीय. रुसायचंच असेल तर खुशाल गाडीत रुसून बसा, पण बसा. हे सगळं मी भाड्याची पाटी रंगवायच्या जाड पेनाने लिहिलंय. एका पानावर चार-पाच ओळी मावतात, लेकीची जुनी चित्रकलेची वही संपत आली. तुमचं तुम्हाला वाचता यावं, एवढ्यासाठीच ही खटपट. तरीही नाही लागलं, तर मला हाक मारा. मी इथेच आहे, शेजारी बसून वाचून दाखवीन.

तुमचीच,
ड्रायव्हरबाई