स्मिथांचं देवक

कनाटा, कॅनडा, शनिवार, १८ ऑक्टोबर २००८

आईचा साताऱ्याहून फोन. होणारा नातजावई गोरा म्हणून महिनाभर रुसलेली, तरी पहिला प्रश्न तोच: आडनाव काय?

म्हटलं, स्मिथ. म्हणजे लोहारच, आपल्यासारखे!

वाटलं, जिंकलो.

"मग देवक विचार त्यांचं. आपलं सांडशी. एकच निघालं तर लग्न होत नाही."

"आई, गोऱ्यांना कसलं देवक?"

"लोहार ना? मग सांडशी असणारच."

लेकीला सांगितलं. "आजी इज टू मच, बाबा!" म्हणत हसत सुटली. मीही हसलो. पण गेल्या सोमवारी थँक्सगिव्हिंगला स्मिथांकडे जेवलो, तेव्हा बेसमेंटच्या भिंतीवर जावयाच्या पणजोबांची सांडशी पाहिली होती. फुलं वाहावीत अशी, मधोमध टांगलेली.

आईला हे सांगायचं नाही!