सातवा कारागीर

२ जुलै, बुधवार
रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला आलो. सुशीलच्या गणपतीच्या कारखान्यात माळ्यावरची खोली मिळाली. खिडकी पूर्वेला, टेबल हलत नाही, प्लग तीन, तिन्ही चालू. खाली कच्च्या मूर्ती वाळत आहेत. एक्कावन्नाव्या वर्षी, कॉलेजचं तोंड न बघता, कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून शिकलेल्या प्रोग्रामिंगच्या कामावर गाव बदललं, याचा अभिमान आहे. लपवणार नाही.

सुशीलच्या काकू, रंभाकाकू, चहा घेऊन आल्या. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, ह्या डब्यात गणपती मावंल का? म्हटलं, माझं डोकं मावलंय, तुमचा गणपतीही मावेल.

४ जुलै
काम असं. कारागिराच्या फोनवरून गिऱ्हाइकाच्या मूर्तीची मागणी येते. मागणीच्या वेब-पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे काय हवं ते असतं: उंची, रंग, तारीख. आणि सोबत, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव असावं तसं, हेडरमध्ये कोण मागतोय ते. सगळ्यांचे हात मातीचे, पासवर्ड कोण टाकणार? म्हणून ठेवलाच नाही. हेडरमधलं नाव कारागिरांच्या यादीत असलं की मागणी मान्य, पावती खाली प्रिंटरवर. पावती खिळ्याला अडकवली की मूर्ती करायचीच, परत फिरवायची नाय, असा इथला रिवाज.

काकूंनी सात नावं दिली. फोन सहाच. सातवा जगन, आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. दोन वर्षांपूर्वी वारला. काकू म्हणाल्या, नाव राहू दे, आखणीची जागा रिकामी दाखवायची नाय. यादीत चूक मला खपत नाही, पण बाईमाणसाचा शब्द म्हणून ठेवलं.

९ जुलै
दुपारी एक चाळीसला, सगळे जेवायला गेलेले असताना, एक मागणी. हेडरमध्ये जगन. पुढे: उंची साडेपाच फूट, रंग गव्हाळ, सोंड नाही.

सुशील म्हणाला, माणसाचा पुतळा असंल, येतात अशी कामं, कुणीतरी गमतीत जगनकाकाचं नाव टाकलं. पावती तोवर खिळ्यावर गेली होती. मला राग आला तो स्वतःचा. 'सोंड' हा शब्द मी ठरवलेल्यांत नाही, मग माझ्या प्रोग्रामने तो निमूट घेतला कसा? आता अनोळखी शब्द आला की मागणी परत जाईल. चार वेळा तपासून बघितलं.

१५ जुलै
एक चाळीस. जगन. चष्मा: हो. तीळ: डाव्या गालावर.
परत जायला हवी होती. मान्य झाली. एकेक ओळ वाचली, चूक नाही.
खाली पुतळा उभा राहिलाय. काकू म्हणाल्या, मास्तर, ह्यो तुमच्यावानीच दिसतो, सोंड लावली तर चौथीला बसवता येईल. सगळे हसले. मीही हसलो.

१८ जुलै
काल काकूंनी पुतळ्याच्या गालावर तीळ काढला. आज दाढी करताना बघतो तर माझा तीळ नाही. जन्मापासूनचा. गाल साफ. तीनदा धुतला.

२१ जुलै
एक चाळीस. उजवा अंगठा: नख चिरलेलं.
माझं नख स्टोअरमध्ये पिंपाखाली सापडलं तेव्हापासून दोन फाकांत आहे. होतं. खाली सुशीलने कोरणीने पुतळ्याच्या नखाला चीर पाडली आणि इथे टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत, माझं नख जुळलं. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

२३ जुलै
जगनचं नाव यादीतून काढलं. सर्व्हर बंद केला. वायर उपटली.
एक चाळीसला प्रिंटर वाजला. कारागीर: दिनानाथ. माझं नाव. डोळे: आखणे. तारीख: उद्या.

सुशीलला हात जोडले, पावती उतरव. म्हणाला, तुमच्याच नावची हाय, तुम्हीच मागितलंत, आता नाय म्हणताय? काकू मग हळूच म्हणाल्या, शेवटी जगनला दिसत नव्हतं. थट्टेनं म्हणायचा, एवढ्या देवांना डोळे दिले, माझ्यासाठी एक जोडी मागव गो.

२४ जुलै, सकाळ
हातोडा घेऊन गेलो. पुतळ्याची करंगळी उडवली. माझी—
रुमाल गुंडाळलाय. रक्त थांबत नाही. म्हणजे तो मोडताही येणार नाही.
काकूंनी कुंचले, रंग कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

दुपार, एक पस्तीस
सगळे जेवायला. दार आतून लावलंय. पुतळ्यासमोर बसलोय. कोणी येऊ दे तर खरं.
जगन आखणीला बसायचा तो पाट कोपऱ्यात होता. आता पुतळ्यापुढे—

एक चाळीस
ओल्या काळ्या रंगाचा वास. कुलूप तसंच आहे. किल्ली खिशात—

पुतळ्याच्या डाव्या डोळ्याची कड उमटतेय. केसाएवढी. एका दमात. असा सरावलेला हात—

माझ्या डाव्या बाजूला अंधारही नाही. काहीच नाही.

वही नाकाला लावून लिहितोय. ओळ सरळ येते का

उजवा सुरू

त्याचा डावा उघडलाय. खाली वळला. माझ्याकडे नाही. वहीकडे. तो वाचतोय, मी काय लिहि