कुलूपबंद स्कॅन

३ मार्च, सोमवार

मूर्ख! महामूर्ख कंपनी! स्कॅनचं मशीन विकलं, चित्रं स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये कोंबली, वर एन्क्रिप्शनचं कुलूप ठोकलं आणि कंपनी बुडवून मोकळे झाले. हॉस्पिटलात अकरा हजार फायली पडून, एकही उघडत नाही. कॉम्प्युटरच्या मागे खोचायची एक प्लॅस्टिकची चावी होती – ती मशीनबरोबर भंगारात गेली. आणि आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे कोण? मी. एकटी!

सर्जनना एकच फायल हवी आहे. पेशंट गाण्याच्या बाई, वय बावन्न. फुप्फुसावर ठिपका. सात वर्षांपूर्वी त्यांचा स्कॅन इथेच झाला होता. ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर हात लावायचा नाही. नवा असेल तर येत्या सोमवारी फुप्फुसाचा तुकडा काढायचा.

"मग त्यांचं गाणं?" मी विचारलं. सर्जननी खांदे उडवले.

४ मार्च, मंगळवार

जेवताना आईला सांगितलं. निवृत्त होईपर्यंत स्कॅन विभाग तिचाच, तो स्कॅनही तिनेच वाचलेला.

"कागदावरचा रिपोर्ट आहे ना? मी 'स्वच्छ' लिहिलंय तर स्वच्छ. चित्र कशाला हवं?"

सर्जनना स्वतः बघायचंय, म्हटलं.

"बघून कळतं का त्याला?"

माझी जीभ कुणावर गेलीय हे वेगळं लिहायला नको.

५ मार्च, बुधवार

फायल आतून पाहिली. पहिली चार अक्षरं उघडी – कंपनीच्या मालकाची आद्याक्षरं! काय ती हौस! मग पेशंटचा नंबर, तारीख. पुढे नुसता कचरा, ना शेंडा ना बुडखा. दिवस फुकट.

६ मार्च, गुरुवार

फायल सोडली, त्यांचं सॉफ्टवेअरच उकलत बसले. आणि काय निघावं? ती प्लॅस्टिकची चावी नुसती शोभेची! खरा पासवर्ड प्रोग्रॅमच्या पोटात, सरळ लिहून ठेवलेला – कंपनीचा फोन नंबर. अकरा हजार फायलींना मिळून एकच! असली माणसं स्वतःला इंजिनिअर म्हणवतात.

हॉस्पिटलचे साहेब डोकावले. "अजून नाही? एक बटणच दाबायचं असतं ना?"

यांनाही भंगारात द्यायला हवं होतं.

७ मार्च, शुक्रवार

उघडली! पासवर्ड लागला तरी चित्र डोक्यावर उभं – ओळी शेवटापासून साठवलेल्या. का? अकलेचे दिवे! सरळ केलं.

ठिपका आहे. तिथेच. सर्जननी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मापलं. तेव्हा सहा मिलिमीटर, आजही सहा. "ऑपरेशन रद्द," म्हणाले. गाण्याच्या बाईंना फोन मीच लावून दिला. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा."

सगळे माझी पाठ थोपटत होते. मी तो कागदावरचा रिपोर्ट वाचत होते. 'दोन्ही फुप्फुसं स्वच्छ.' खाली आईची सही.

८ मार्च, शनिवार

न सांगून चालणार नव्हतं. आईला स्कॅन विभागात घेऊन गेले. तिच्याच जुन्या खुर्चीत बसली. मी बोट दाखवायच्या आत तिला ठिपका दिसला.

"बाईंचं ऑपरेशन?"

"रद्द झालं."

"बरं झालं." मग चित्र मोठं करत – "दिसायला हवा होता गं."

घरी येईपर्यंत मला कुणाला नावं ठेवायचं सुचेना.

९ मार्च, रविवार

सकाळी आई चष्मा पुसत दारात उभी. "बाकीच्या फायली उघडतील?"

"सगळ्या."

"माझ्या सहीच्या किती?"

"चार हजारांच्या वर."

"मग चल. पहिल्यापासून बघते."