तेरा फ्लॉप्यांचा वारस

मी, प्रल्हाद विश्वेश्वर मोघे, वय ५३, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, आज पूर्ण शुद्धीत आहे. येत्या गुरुवारी डॉक्टर छाती उघडणार असल्याने पुढचे सांगता येत नाही. हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मत्सरापोटी लिहितो आहे, पण वकील म्हणाले, त्याला कायद्याची हरकत नाही.

१. दुर्गाघाटावरचे दोन मजले, बँकेत जे असेल ते आणि माझ्या लेखांचे हक्क पत्नी सौ. शरदिनी हिला. लेखांवर चिडलेले कोणी भेटायला आले तर तिने चहा द्यावा, माफी मागू नये.

२. सोल्डरिंग आयर्न आणि पेचकसांचा डबा भाची सई हिला. ती एरवीही न विचारता नेतेच.

३. आता ‘चौपाल’. संगणक चालवणारी ही प्रणाली आम्ही पंचवीस-तीस जणांनी, वेगवेगळ्या गावांतून ई-मेलवर भांडत, फुकट लिहिली. कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. तिचा मूळ संच तेरा फ्लॉप्यांचा. त्यात काय जाईल यावर शेवटचा शब्द माझा. आमच्या नियमाने तो मी कोणाला तरी देऊन जायचा. नाही दिला तर मतदान, आणि मतदानात देवव्रत सप्रे निवडून येणार. वय सव्वीस. सगळ्यांना आवडतो.

४. भांडण असे. रामघाटावरचे नरहर गुरुजी पाठशाळेच्या नऊशे पोथ्यांची सूची दानात आलेल्या जुन्या मशीनवर ठेवतात. चार एमबी मेमरी, पडद्यावर नुसती अक्षरे. बँकेतल्या उल्हासराव केळकरांना चित्रे हवीत, माऊस हवा. चित्रे संचात आली की गुरुजींचे मशीन सुरूच होत नाही. तीन वर्षे मी गुरुजींच्या वतीने उल्हासरावांना शिव्या लिहिल्या. देवव्रतने एका दुपारी सुचवले: मूळ संच आहे तेवढाच ठेवू, चित्रे वेगळ्या फ्लॉप्यांवर देऊ. दोघेही खूश. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही, हे दुःख मी सोसले असते. पण ती त्याला सुचली.

गुरुजींना विचारले, त्याच्यात असे काय पाहिलेत?

“तो आला, बसला, म्हणाला, गुरुजी, दिक्कत काय होते ते सांगा. तू आलास की सीधा मशीनचा डब्बा खोलतोस.”

घरी हे सांगितले तर शरदिनी म्हणाली, “अहो, गुरुजींसाठी भांडता ना, मग एकदा गुरुजींना विचारून भांडा की.”

५. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकिलांनी बजावले होते. म्हणून मी साक्षीला मुद्दाम देवव्रतला बोलावले आणि संच उल्हासरावांच्या नावे लिहिला. ते चित्रे आत घालतील, गुरुजींचे मशीन बंद पडेल, सूची अडकेल, हे ठाऊक असून लिहिला. याला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आज सकाळी तो आला. पेन उघडता उघडता म्हणाला, “काका, माझा परवाचा बदल मी मागे घेतला.”

“का? वीस जणांनी मागितला होता.”

“गुरुजींचं मशीन त्याच्यावर अटकत होतं. वीस जण महिनाभर थांबतील. गुरुजींकडे दुसरं मशीन कुठंय? सही कुठं करू?”

“करू नकोस,” मी म्हणालो. “दुसरे दोन साक्षीदार घेऊन ये.”

तो गेल्यावर ते पान फाडले आणि हे लिहिले.

६. मूळ संच, त्याचा पासवर्ड आणि शेवटचा शब्द देवव्रत सप्रे यास. मंडळींना कळवताना ‘आनंदाने’ हा शब्द घालू नये. मी गुरुवारातून वाचलो तर बहुधा परत मागेन. त्याने देऊ नये.

वाराणसी, रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

(सही) प्रल्हाद विश्वेश्वर मोघे

साक्षीदार:
(सही) नरहर गणेश पाठक, रामघाट
(सही) उल्हास केळकर, बालाजी घाट

नोंद: दोन्ही साक्षीदार एकाच वेळी, एकमेकांशी बोलत जिना चढून आले. हे मी जमवलेले नाही.