पन्नास फेऱ्या

१४ सप्टेंबर, रविवार
दुपारी अडीच

ताई,

दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत आहेत आणि मांडीवर पाट ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तू पाठवलेल्या सरावाच्या तक्त्यात वीस मिनिटं बसायला सांगितलंय. चाळीस झाली. बर्फ विरघळला तरी उठलो नाही.

भावोजींचा खोकला गेला का? इथे सगळं ठीक. बाबा झोपलेत. फोनच केला असता, पण फोन त्यांच्या उशाशी असतो, आणि बाकी काही नाही तरी कान शाबूत आहेत.

मॅरेथॉनला पाच आठवडे उरले. तू विचारतेस म्हणून लिहितो: आठवड्याला साठ किलोमीटर होतात. बुधवार-शुक्रवारी बाबांना सांभाळणाऱ्या बाई आल्या की तास-दीड तास धावतो. खाणंही सांभाळतो. सकाळी एकाच पातेल्यात भात लावतो. वरचा मोकळा माझा, खालचा पाणी घालून घोटलेला बाबांचा. धावण्याआधी खजूर, नंतर अंडी आणि मीठ लावलेला बटाटा. बाबा म्हणतात, "तुझं ताट बघून वाटतं, आजारी तूच आहेस."

विश्रांतीचं मात्र जमत नाही. तक्त्यात सोमवारच्या चौकटीत लिहिलंय, पायांवर भार नको. सोमवारी बाबांना सात वेळा उचलावं लागतं. मंगळवारीही सातच. बाकीचा वेळ कवळ्या. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, प्लास्टर ओततो, मेण लावतो, घासतो. तेही उभ्यानेच.

रविवारी बाई येत नाहीत, आणि लांब पल्ला रविवारीच. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटतं मी कालव्याच्या रस्त्याने जातो. मी जात नाही. आपल्या बिल्डिंगला वळसा घालतो. एक फेरी सहाशे चाळीस मीटर. पन्नास फेऱ्या म्हणजे बत्तीस किलोमीटर. दर चार मिनिटांनी बाबांची खिडकी दिसते. काही लागलं तर त्यांनी काठीने लाल टॉवेल खिडकीबाहेर सरकवायचा, असं ठरलंय. कल्पना त्यांचीच. "म्हणजे तुला सारखं वर यायला नको," म्हणाले.

समोरचा किराणावाला दुकान उघडता उघडता ओरडतो, "अहो, चावी कुणी दिलीय तुम्हाला?" एकदा म्हणाला, "घाण्याचा बैल फिरला की निदान तेल तरी निघतं." मी हसतो. पुढच्या फेरीला तो तेच पुन्हा म्हणतो. मी पुन्हा हसतो.

आज चौतीस किलोमीटर झाले. तक्त्यापेक्षा दोन जास्त. तू खूश होशील.

बाबा जरा पडले. घाबरू नकोस. मी वर आलो तेव्हा पलंग आणि खुर्चीच्या मध्ये बसल्यासारखे होते. कपडे ओले झाले होते. उचललं, पुसलं, बदललं. उजवीकडे वळवताना त्यांनी ओठ आवळले. "दुखतंय का?" म्हटलं तर म्हणाले, "नाही रे. किती झाले?"

"चौतीस."

"अरे वा," म्हणाले.

भात मात्र खाल्ला नाही.

तुला उद्या फोनवर सांगणार होतो, की मी मागच्या बाजूला होतो तेवढ्यात ते पडले. वाक्य मनात तयारही होतं. बाईंनाही तेच सांगणार आहे. पण तुला लिहायला बसलो आणि ते हातातून उतरेना.

टॉवेल मला दिसला होता, ताई. एकतिसाव्या फेरीला. सगळा बाहेर आला होता, म्हणजे घाई होती. पायांना छान लय लागली होती, दम लागत नव्हता. मी म्हटलं, ही एक फेरी पुरी करतो आणि जातो. कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं असतं. मी वळलो नाही. सरळ गेलो.

ठरवलं नव्हतं. दुकानं गेली, पंप गेला, कालवा आला. कालव्याला वळण नाही. पहिल्यांदाच मला पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. सात किलोमीटर गेलो. तिथे एक बंद फाटक आहे. त्याला हात लावला आणि परत फिरलो, कारण दुसरं काय करणार? पुढे रस्ता असता तर फिरलो असतो का, हे मला माहीत नाही. तेवढं तू विचारू नकोस.

दीड तास, ताई. त्यांना फक्त संडासला जायचं होतं. वाट बघून ते स्वतःच उठले.

सगळ्यात वाईट सांगू? कालव्यावर मला त्यांची आठवण आली नाही. आली नाही असं नाही, आली, पण मी वेग वाढवला, आणि ती मागे पडली. त्या दीड तासात मला जितकं बरं वाटलं तितकं चार वर्षांत वाटलं नव्हतं. अजूनही आठवलं की बरं वाटतं. म्हणून बादलीतून उठत नाहीये.

स्पर्धेला माझं नाव तू नोंदवलंस. "बारक्या, तुला स्वतःचं काहीतरी हवं," म्हणालीस. बूटही पाठवलेस. त्या दिवशी बाबांपाशी कोण थांबणार, हे तू विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही. दोघांनीही जपून टाळलं. मी तुला ये म्हणत नाही. तुझं घर, तुझी नोकरी, सगळं कळतं. पण इथून पुढे किती किलोमीटर झाले ते मला विचारत जाऊ नकोस. विचारलंस तर मी सांगेन, आणि तू शाबास म्हणशील.

बाबा जागे झालेत. हाक नाही मारली, पण खोलीतून आवाज येतोय. जातो.

तुझा,
बारक्या
(वय वर्षे सत्तेचाळीस)

सोमवार. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. सकाळी बाबांना उचलताना ते किंचाळले. उजवा पाय टेकवेना. हॉस्पिटलमध्ये आणलं. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आत्ता. सकाळी." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. ऑपरेशन बुधवारी आहे.